स्वस्त देशाची ट्रायल

कारखान्याच्या टाइम ऑफिसमध्ये हजेरी मांडत पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला किस्से शोधायला जावं लागत नाही. ते रजेच्या अर्जासारखे आपणहून टेबलावर येऊन पडतात. अर्जात 'कारण' असा एक रकाना असायचा. तो रोज वाचला की करमणुकीसाठी वेगळं काही वाचावं लागत नाही. एका फिटरचे सासरे माझ्या रजिस्टरप्रमाणे चार वेळा वारले. चौथ्या वेळी तर जावयाचा अर्ज घेऊन ते स्वतः गेटवर आले होते!

निवृत्त झालो, रजिस्टर सुटलं, साठवायची सवय सुटली नाही. सांगवीत नदीकाठच्या बागेत आमचा ठरलेला बाक आहे. त्यावर टूलरूमचा साळुंखे, पर्चेसचा नाईक, मी आणि तात्या. तात्या इथले मूळचे. त्यांच्या ज्वारीच्या रानात आता सात मजले उगवलेत. गेल्या वर्षभरात या बाकावर एकाच विषयाचे किस्से इतके साठले, की रागाने का होईना, लिहून काढणं भाग आहे. विषय आहे 'स्वस्त देश'.

*

सुरुवात एप्रिलात झाली. सकाळचे नऊ वाजले होते आणि बाक तव्यासारखा तापला होता. साळुंख्याने मोबाइल आमच्या नाकासमोर धरला. हाफ पँट घातलेला एक तरुण नारळाच्या झाडाखाली पाय पसरून सांगत होता, की व्हिएतनाममध्ये तुम्ही पेन्शनवर राजासारखे राहू शकता.

"बघा!" साळुंखे म्हणाला. "ऊन, नारळाची झाडं, ताजी फळं, मासे, आणि सगळं स्वस्त. माणसानं म्हातारपणी उष्ण देशातच राहावं."

तात्यांनी उपरण्याने मानेवरचा घाम पुसला. मग महापालिकेने बाकामागे लावलेल्या तीन नारळांकडे बघितलं.

"मंग हितं काय बर्फ पडतोय व्हय?"

साळुंखे हलला नाही. त्याने तिथेच जाहीर केलं, की सांगवीचा फ्लॅट विकायचा आणि कायमचं तिकडे जायचं. एजंटला सांगूनसुद्धा झालं होतं.

मी विचारलं, "कुसुमवहिनींना विचारलंस?"

"तिला काय विचारायचं? ती माझ्याबरोबरच असते ना."

"तरी, काही म्हणाल्या?"

"म्हणाली, कुकर न्यायचा का? म्हणजे तयारच आहे की!"

*

त्या फ्लॅटबद्दल थोडं सांगायला हवं. दोन खोल्या, तिसरा मजला. साळुंखे साताऱ्याकडून आला तेव्हा दापोडीला रेल्वेलाइनच्या कडेला भाड्याने राहायचा. हा फ्लॅट झाला तो त्याच्या ओव्हरटाइमवर आणि वहिनींच्या काटकसरीवर. त्याचा ओव्हरटाइम माझ्या रजिस्टरमध्ये आहे. काटकसरीला आमच्याकडे रकाना नव्हता.

साळुंखे तीन शिफ्टमध्ये होता. फर्स्ट शिफ्टला कंपनीची बस सहाला यायची, म्हणून वहिनी चारला उठायच्या. सेकंडला तो मध्यरात्री यायचा, तेव्हा पुन्हा गरम करून वाढायच्या. नाइट असली की दिवसभर तो झोपायचा आणि त्या पोरांना गप्प बसवायच्या. त्याचा चार कप्प्यांचा डबा अख्ख्या टूलरूममध्ये प्रसिद्ध होता. चौतीस वर्षांत साळुंख्याचे खाडे मी मोजले आहेत. डब्याचा खाडा एकही नाही.

आता हाच माणूस त्यांचा ओटा, त्यांची खिडकी, शेजारपाजार सगळं विकायला निघाला होता, आणि तेही मोबाइलमधल्या एका हाफ पँटच्या सांगण्यावरून!

*

त्यानंतर ताथवड्याला एक मोफत सेमिनार झाला. 'निवृत्तांनो, स्वस्त देशात दुसरी इनिंग!' चहा-सामोसा होता, म्हणून नाईक आला. नाईक आला म्हणून मी गेलो. कोट घातलेला एक मुलगा अर्धा तास उशिरा आला आणि समुद्राचे फोटो दाखवू लागला.

मी विचारलं, "आपण स्वतः कुठे राहता?"

"वाकडला, सर. आज ट्रॅफिकमध्ये अडकलो."

"आपण का नाही गेलात तिकडे?"

"सर, इकडे हप्ते चालू आहेत ना फ्लॅटचे!"

नाईक मूळचा रत्नागिरीचा. त्याने मुद्द्याचं विचारलं. "पोटात दुखायला लागलं तर तिथल्या डॉक्टरला सांगायचं कसं?"

"त्याला ॲप आहे, सर. तुम्ही मराठीत बोला, ते त्यांच्या भाषेत सांगतं."

"आणि नेट गेलं तर?"

मुलाने थोडा विचार केला. "तेवढा वेळ सहन करायचं, सर."

सगळं सभागृह हसलं. साळुंखे मात्र वहीत लिहून घेत होता. मी डोकावलो. त्याने लिहिलं होतं : ॲप.

*

तात्यांच्या सात मजल्यांपैकी पाचव्यावर एक गोरा भाडेकरू होता. चाकणच्या एका कारखान्यात मशिन बसवायला युरोपातून आलेला, साठीच्या घरातला साधा माणूस. एका सकाळी तात्यांबरोबर बागेत आला आणि आमच्या शेजारी बसला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत आमचं बोलणं झालं. (मोडकंतोडकं दोन्ही बाजूंचं होतं!) तो म्हणाला, रिटायर झाल्यावर इथेच राहावंसं वाटतं. ऊन आहे, फळं आहेत, माणसं बोलतात, आणि सगळं किती स्वस्त!

साळुंखे तापला. "इथं? स्वस्त? अरे, याला कोणीतरी दोडक्याचा भाव सांगा रे!"

गोरा निघून गेल्यावर तात्या हळूच म्हणाले, "आमी त्याला भाडं दुप्पट लावलंय. तरी बी त्यो म्हनतो, लई स्वस्त हाय. दर म्हैन्याला आभार मानतोय."

"फसवताय की त्याला, तात्या!" साळुंखे म्हणाला.

"व्हय. पर तू बी इचार कर," तात्या म्हणाले. "तू जातोयस तिकडं बी एक तात्या असंलच की!"

*

साळुंखे शेवटी एका गोष्टीला कबूल झाला. टूलरूमचा माणूस ट्रायल घेतल्याशिवाय जॉब, म्हणजे तयार केलेला नग, पास करत नाही. आधी दोन महिने राहून बघायचं, मगच फ्लॅटच्या कागदांवर सही. एजंटला थांबवलं. साळुंखे पती-पत्नी दोन महिन्यांसाठी, नाईक आणि मी दहा दिवसांसाठी, असे आम्ही व्हिएतनाममधल्या समुद्रकाठच्या एका गावात जाऊन पोचलो. कुकर घरीच राहिला. "ट्रायलला कशाला ओझं?" असं साळुंख्याचं म्हणणं.

पहिल्याच दिवशी शहाळं प्यायचं ठरलं. काठावर तीन बायका शहाळी विकत होत्या. नाईकाने हॉटेलातून कागद आणला आणि तिघींकडून वेगवेगळा भाव लिहून घेतला.

"नाईक, शहाळं आहे रे, क्रेन नाही," मी म्हणालो.

"तीन कोटेशन घेतल्याशिवाय मी आयुष्यात खिळा घेतलेला नाही."

त्याने उन्हात उभं राहून तीन भावांची तुलना केली, सगळ्यात कमी भाव होता तिच्याशी आणखी घासाघीस केली आणि पाऊण तासाने आम्हाला शहाळी मिळाली. ती कोमट झाली होती.

दुसऱ्या दिवशी नाईक पुन्हा कागद घेऊन गेला. तिघींनी एकमेकींकडे बघितलं, एकीच्या कागदात दुसरीने डोकावलं, आणि तिघींनी एकच आकडा लिहिला. कालच्यापेक्षा जास्त!

चौकशी केली तेव्हा कळलं, एक आई, एक मुलगी आणि एक मावशी.

*

इथवर मी हसत होतो. चौथ्या दिवशी हसू गेलं.

आमच्या खोल्या झाडणारी बाई पन्नाशीची होती. वाकून वाकून तिची कंबर धरलेली. साळुंखे खुर्चीत बसून तिच्याकडे बघत मला म्हणाला, "काय पगार असेल हिला? काहीच नाही, राव! दोन बायका ठेवल्या तरी परवडतील. हेच तर म्हणत होतो मी!"

हा तोच साळुंखे. कंत्राटी पोरांना निम्म्या पगारावर राबवतात म्हणून पावसात गेटसमोर बसलेला. घोषणा देऊन देऊन त्याचा आवाज आठवडाभर गेला होता, आणि त्या आठवड्याची बिनपगारी मी माझ्या हाताने मांडली होती.

मी म्हणालो, "साळुंखे, स्वस्त म्हणजे कोणाच्या तरी पगारातून कापलेलं असतं. गेटवर हे तूच आम्हाला शिकवलंस."

"तो आपला देश होता रे."

"आणि ही कोणाची तरी कुसुमवहिनी आहे."

तो उठून बाल्कनीत गेला. पण संध्याकाळी त्या बाईची बादली जिन्यावरून खाली नेऊन ठेवताना मी त्याला बघितलं. तिला वाटलं, हा बादली चोरतोय. तिने आरडाओरडा केला!

*

कुसुमवहिनींचं वेगळंच चाललं होतं. त्या खोलीत ओटा नव्हता, शेगडी नव्हती. पहिले तीन दिवस त्या पहाटे चारला उठून पलंगाच्या कडेला नुसत्या बसून राहायच्या. काय करायचं हेच त्यांना कळेना.

गल्लीच्या तोंडाशी एक आजीबाई खानावळ चालवायच्या. चार छोट्या प्लास्टिकच्या खुर्च्या आणि एक मोठं पातेलं. तिथे भाज्या घातलेलं शेवयांचं गरम सूप मिळायचं. पहिल्या दिवशी खाऊन झाल्यावर वहिनी वाडगा हातात घेऊन उभ्या राहिल्या.

"भाऊजी, भांडी कुठं घासायची?"

आजीबाईंनी तो वाडगा त्यांच्या हातातून काढून घेतला. वहिनींनी पुन्हा हात पुढे केला. आजीबाईंनी त्यांचे खांदे धरून त्यांना खुर्चीत परत बसवलं आणि समोर चहा ठेवला.

वहिनी त्या चहाकडे बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "बसून प्यायचा?"

आम्ही निघेपर्यंत दोघी मैत्रिणी झाल्या होत्या. एक मराठीत बोलायची, दुसरी तिच्या भाषेत, आणि दोघी एकदम हसायच्या. ॲप कोणीच उघडलं नाही.

साळुंख्याचे मात्र हाल. भाकरी नाही, पेपर नाही, वाद घालायला माणूस नाही. सकाळी तो बाक शोधत हिंडायचा. एका झाडाखाली चार म्हातारे सोंगट्यांसारखा काहीतरी पट मांडून खेळायचे. हा शेजारी बसून त्यांना मराठीत चाली सुचवायचा. दोन दिवस त्यांनी सहन केलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी पट उचलला आणि दुसऱ्या झाडाखाली नेला.

"टाइमऑफिस," तो मला विमानतळावर सोडताना म्हणाला, "इथं माझं कुणी ऐकतच नाही रे!"

मी म्हणालो, "तिथंही ऐकत नव्हतो. फक्त उठून जात नव्हतो."

*

दोन महिन्यांची ट्रायल होती. साळुंखे एका महिन्यातच बाकावर हजर झाला. वाळलेला, दाढी वाढलेली.

"काय निकाल?" नाईकाने विचारलं.

"जॉब रिजेक्ट," साळुंखे म्हणाला. "फ्लॅट विकायचा नाही. एजंटला कालच सांगितलं."

"देवच पावला," तात्या म्हणाले. "आन् आमची वैनी कुठं हाय?"

साळुंखे नारळांकडे बघू लागला. "ती म्हणाली, खोलीचं दोन महिन्यांचं भाडं भरलंय, तुम्ही व्हा पुढे."

मग आमच्या लक्षात आलं, की त्याच्या मांडीवर तो प्रसिद्ध डबा आहे. त्याने उघडून दाखवला. चार कप्प्यांपैकी तीन रिकामे, आणि चौथ्यात डाळ होती. म्हणजे डाळ असावी. नाईकाने चमचा उभा करून बघितला, तो पडला नाही.

"कुकरला किती शिट्ट्या द्यायच्या तेच कळत नाही," साळुंखे म्हणाला. "तीनदा विचारलं, फोनवर नुसती हसते. तू विचार ना, टाइमऑफिस. तुला सांगेल."

त्याने फोन लावून माझ्या हातात दिला. पलीकडून समुद्राचा आवाज येत होता आणि त्या आजीबाईंचं हसणं.

"वहिनी, साळुंखे इथं बसलाय. विचारतोय की डाळीला..."

"भाऊजी, बरं झालं तुम्हीच बोललात," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही टाइम ऑफिसला होतात ना? मग मला एक हिशेब करून द्या. चौतीस वर्षं, तिन्ही शिफ्ट, वीकली ऑफ नाही, सणावाराला ओव्हरटाइम. माझी एकूण किती रजा साठली असेल?"

मी सवयीने बोटांवर मोजायला लागलो.

"सावकाश करा, घाई नाही," त्या म्हणाल्या. "तोवर मी इथंच आहे."

फोन बंद झाला. साळुंखे डब्याचं झाकण हातात धरून माझ्याकडे बघत होता.

"काय म्हणाली?"

"तीन शिट्ट्या," मी म्हणालो.