टाळीचे जोर

सदर इसम वय वर्षे एकावन्न, बांधा आडवा, क्रीडा मंडळात गोळाफेकीचा मार्गदर्शक (मुलांचे ‘मास्तर’) असून खांदे, छाती व हात यांच्या स्फोटक शक्तीविषयी तीन दिवसांच्या शिबिराचे प्रमाणपत्र बाळगून आहे. शिबिरातली एक गोष्ट त्याने मनावर घेतली, दुसरी घेतली नाही.

घेतली ती टाळीच्या जोरांची. जोर मारताना जमिनीला असा रेटा द्यायचा की दोन्ही हात सुटावेत, हवेत टाळी वाजावी आणि अंग पुन्हा तळव्यांवर उतरावं. घेतली नाही ती विश्रांतीची: आठवड्यातून दोनदाच, मधले दिवस मोकळे. पहिला महिना तरी नियमाने गेला आणि चिमणीचा गोळा वीतभर पुढे पडू लागला. (चिमणी ही शिंपीणबाईंची थोरली. खांदे इतके रुंद की दारातून तिरकी होऊन आत येते, म्हणून मंडळाने हे नाव ठेवलेलं.) दोनदा केल्याने वीतभर, तर रोज केल्याने किती? मास्तरांनी त्रैराशिक मांडलं.

“सर, मनगट ठणकतंय.”

“ठणकणारच. ताकद काय टाळ्या वाजवत येते?”

“आपल्याकडे तशीच येते की,” चिमणी म्हणाली आणि पुढच्या जोरासाठी खाली वाकली.

निवड चाचणी चार दिवसांवर असताना उजव्या मनगटाच्या हाडाला तडा गेला. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं. मास्तर खरं काय ते सांगायचंच असं ठरवून तिच्या घरी गेले. शिंपीणबाईंनी मशीनपुढची एकुलती एक खुर्ची त्यांना दिली.

“चूक माझी आहे, सर. परवा कापडाचा गठ्ठा हिलाच उचलायला लावला. तुमच्या वर्षभराच्या मेहनतीची मी माती केली. माफ करा हो.”

“आई, गठ्ठा मी डाव्या हाताने उचलला होता,” चिमणी म्हणाली. बघत मात्र होती मास्तरांकडे.

“मग भार उजव्यावर आला असेल. तू गप्प बस.”

मास्तरांचे कान तापले. “अहो ताई...” एवढं म्हणून ते थांबले. दोघी वाट बघत राहिल्या. “मनाला लावून घेऊ नका,” त्यांनी वाक्य पुरं केलं आणि समोरचं पाणी घटाघटा पिऊन टाकलं. चिमणीने मान वळवली.

मंडळात येऊन त्यांनी माघारीचा अर्ज भरला: ‘सदर खेळाडूस घरगुती कामामध्ये इजा झाल्याने ती चाचणीस उपस्थित राहू शकत नाही.’ ‘घरगुती’वर पेन अडलं. मग पुढे गेलं. खाली सही, हुद्दा, शिक्का.

शिंपीणबाई तेव्हापासून मुलीला कात्रीसुद्धा उचलू देत नाहीत.