घोड्याच्या पोटातले अध्यक्ष

गेल्या गणपतीत, आमच्या गावात, भर चौकात, तीन परीक्षकांच्या देखत, शेरडांनी मंडळाच्या अध्यक्षाला उघडं पाडलं. अध्यक्ष मीच होतो.

याचं मूळ माझ्या पुतणीच्या पुस्तकांत आहे. केतकी अकरावीला. सांगलीहून ती जाडजूड कादंबऱ्या आणते: जुन्या ग्रीक पुराणातल्या गोष्टी, पण आत्ताच्या पोरीबाळींसाठी नव्यानं लिहिलेल्या. जेवताना वाचते, भाकरी थापताना वाचते. (एकदा तव्यावर पुस्तक टाकून भाकरीचं पान उलटायचं तेवढं राहिलं होतं!) एकदा मी म्हटलं, बघू तरी काय आहे, आणि तिला एक पान मराठीत सांगायला लावलं. त्या पानावर एक बाप स्वतःची पोरं गिळत होता!

"अगं, सगळी?"

"सहावं सोडून. त्याच्या जागी आईनं दुपट्यात धोंडा गुंडाळून दिला."

"आणि ह्यानं?"

"गिळला."

मी दोन दिवस जेवलो नाही. (बरं, रात्रीचं जेवलो नाही. बरं बाबा, भात घेतला नाही!)

पण डोक्यात किडा शिरला. आमच्याकडं गणपतीत मंडळं जिवंत देखावे करतात. माणसं नटूनथटून खरीखुरी उभी राहतात. गावात मंडळं पाच आणि दर वर्षी कुंभकर्णही पाच. आमचा तर मागल्या वर्षी खरंच झोपला आणि बक्षीस समारंभ उरकला तरी उठला नाही. मी बैठकीत टेबलावर हात आपटला, "यंदा ग्रीक!"

देखावा केतकीनंच लिहिला. शत्रू वेढलेल्या गावाबाहेर भलामोठा लाकडी घोडा सोडून जातो आणि त्याच्या पोटात सैनिक लपलेले असतात. हे एकट्या राजकन्येला कळतं, ती जीव तोडून सांगते, पण तिचं खरं कुणालाच खरं वाटू नये असा तिला शाप असतो. तिच्या पुस्तकात म्हणे ही गोष्ट ती राजकन्याच सांगते. म्हणून देखाव्यातही राजकन्येला सहा वाक्यं होती आणि ती केतकी म्हणणार होती. पोरगी कधी चार माणसांत बोललेली नाही. पंधरा दिवस तिनं गोठ्यात म्हशीसमोर तालीम केली. म्हशीनं दूध चोरायला सुरुवात केली, इतकी ती वाक्यं आतपर्यंत जात होती!

मग मी अध्यक्षीय कात्री काढली. लोक घोडा बघायला येणार, राजकन्येला सहा वाक्यं कशाला? सहाची तीन केली, तिनाचं एक केलं, आणि शेवटी ठरवलं की केतकीनं हातात पणती धरून गप उभं राहायचं. माईक घेऊन मी घोड्याच्या पोटात बसायचं आणि डरकाळी फोडून बाहेर यायचं.

"काका, मग गोष्ट कुणाची राहिली?"

"घोड्याची!"

ती वही मिटून आत गेली, एवढंच.

बैलगाडीच्या चाकांवर बांबूचा सांगाडा उभा राहिला, वर पोती चढली. इतक्यात आमचे हवालदार तात्या (वीस वर्षं फौजेत, अजून चहासुद्धा सावधानमध्ये पितात) पुढं झाले.

"अध्यक्ष, पोती दिसल्यावर दुष्मन लगेच वळखंल. कॅमोफ्लाज पायजे. आमी पोस्टवर पाला बांधायचो."

"पाला कुठला आणायचा?"

"अख्ख्या शिवारात ऊस हाय की वो!"

झालं! शेपटीपासून आयाळीपर्यंत घोड्याला हिरवंगार उसाचं वाढं बांधलं. घोडा कसला, फडच चाकांवर निघाल्यासारखा दिसायला लागला!

"काका, वाढं नका लावू," केतकी म्हणाली. "शेरडं खातील."

"चौकात कुठली आली शेरडं?"

"माण तालुक्यातले मेंढपाळ ओढ्याला उतरलेत. रोज दिवस मावळताना चौकातूनच जातात."

"तू पणती धर!"

पोरीचं कुणी ऐकत नाही ही गोष्ट महिनाभर अख्ख्या गावाला समजावून सांगणारा माणूस हे बोलला. मीच तो.

स्पर्धेचा दिवस आला. दिवस मावळतीला परीक्षक खुर्च्यांवर बसले. पोटात मी आणि तात्या, गुडघे हनुवटीला लावून. माझा पोशाख ग्रीक: डोक्यावर पुठ्ठ्याचं शिरस्त्राण, वर उघडा, खाली बायकोचा मोरांचा पडदा. माईक चालू.

बाहेर घंट्या किणकिणल्या.

"अध्यक्ष, दुष्मन जवळ आलाय," तात्या कुजबुजले.

"गप बसा वो, अजून सुरू व्हायचंय!"

तेवढ्यात माझ्या कानाशी करम्-करम् आवाज यायला लागला. आधी शेपूट गेली. मग आयाळ गेली. वाढ्याबरोबर पोतंही ओढलं गेलं आणि भगदाडातून एक दाढीवालं तोंड आत आलं. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी त्याच्याकडं बघितलं. मग त्यानं मोर बघितले.

"तात्या, माझा पडदा खातंय की वो हे!"

हे चारी कर्ण्यांतून गावभर गेलं. पुढच्या मिनिटाला घोड्याची अख्खी कूस साफ! चौकात हजारभर माणसं आ वासून उभी, आणि त्यांच्यासमोर बांबूच्या पिंजऱ्यात मी. पडद्याचं एक टोक माझ्या दोन्ही मुठींत, दुसरं शेरडीच्या दातांत.

"आवं, त्यो माझा नवा पडदा!" गर्दीतून बायको किंचाळली.

"पाव्हणं, हिसकू नगा," मेंढपाळ कळवळला, "गाभण हाय ती!"

परीक्षकांनी पेनं खाली ठेवली. संपलं, म्हटलं.

तेव्हा केतकीनं पणती खाली ठेवली. शांतपणे चालत आली आणि माझ्या मांडीवरचा माईक उचलला.

"मी तुम्हाला सांगितलं होतं," ती म्हणाली, "याच्या पोटात माणसं आहेत."

हे तिचं पहिलं वाक्य. मग दुसरं, तिसरं, सहाच्या सहा. आवाज आधी कापला, मग कापायचा थांबला. हसायला निघालेला चौक चिडीचूप झाला. म्हाताऱ्यांनी पदर डोळ्याला लावले. शेरडीनंसुद्धा चघळायचं थांबवलं. (पडदा मात्र सोडला नाही!)

पहिलं बक्षीस आम्हाला! लेखन आणि अभिनय, दोन्हीबद्दल केतकीचं नाव पुकारलं गेलं. परीक्षकांनी कौतुकानं विचारलं, "पुढच्या वर्षी काय करणार बाळ?"

"सर, आता नवीन पुस्तक वाचतेय. एका राजानं भुलभुलैयात एकाला कोंडून ठेवलेलं असतं. मानेखाली माणूस, वर बैल. नुसता डुरकतो, कुणाचं ऐकत नाही."

अख्खं मंडळ माझ्याकडं वळलं. माझं नाव एका आवाजात पुढं आलं. एकटे तात्या तेवढे हात वर करून उभे राहिले. मला भरून आलं. एवढ्या गावात एक तरी माणूस आपला!

"बोला तात्या, बोला."

"शिंगं आणायची," तात्यांनी विचारलं, "का असंच चालंल?"

असंच चालेल, असं ठरलं. ठरावाखाली अध्यक्ष म्हणून सही मीच केली.