पाणी उजव्या हाताला

इंदुबाई कुणावर चटकन विश्वास ठेवत नाहीत, आणि यात त्यांचा फारसा दोषही नाही. शनिवार पेठेतल्या एका खानावळीत त्यांनी सत्तावीस वर्षं पोळ्या लाटल्या. चार पोळ्या खाऊन तीन सांगणारी पोरं आणि 'उद्या नक्की येते' म्हणून परवा उगवणारी जोडीदारीण यांच्यात आयुष्य गेल्यावर माणूस भोळा राहत नाही. गॅसची टाकी आली की त्या ती आधी उचलून बघतात. देवळात जाताना एक चप्पल या कोपऱ्यात काढतात आणि दुसरी त्या कोपऱ्यात. त्यांची चप्पल आजवर एकदाही चोरीला गेलेली नाही, हे त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात.

तर अशा बाईला तिच्या नवऱ्यानं आषाढातल्या एका सकाळी चहा पिता पिता सांगितलं, "इंदू, दिवाळी झाली की आपण दोघं नर्मदा परिक्रमा करू. पायी."

इंदुबाईंनी आधी त्यांच्या तोंडाचा वास घेतला. नागोराव पीत नाहीत, तरी घेतला.

नागोराव म्हणजे हिंगोलीकडचा, पस्तीस वर्षांपूर्वी पुण्यात आलेला माणूस. चोवीस वर्षं त्यांनी हिंजवडीच्या कंपन्यांची बस चालवली. स्वारगेटहून माणसं भरायची, हिंजवडीला रिकामी करायची आणि संध्याकाळी पुन्हा भरून आणायची. मग ठेका बदलला म्हणून नोकरी सुटली, असं ते सांगत. त्यांची मुलगी पूर्णिमा तिकडेच एका कंपनीत आहे. तिनं एकदा मोबाइलवर हिशोब करून सांगितलं होतं की बाबांच्या पृथ्वीभोवती अठरा फेऱ्या झाल्यात. "आणि पोहोचलो कुठं? हिंजवडीला," असं नागोराव त्यावर म्हणाले होते. बसवर होता तोवर कोपऱ्यावरून दूध आणायचं तरी स्कूटर काढणारा हा गडी. त्यानं तीन हजारांवर किलोमीटर चालायचं, पाच-सहा महिने मिळेल ते खायचं, आश्रमात पडायचं, आणि तेही बायकोला बरोबर घेऊन? लग्नाला चाळीस वर्षं झाली, या माणसानं तिला तुळजापूरच्या पलीकडं कधी नेलं नव्हतं.

"कामून?" इंदुबाईंनी विचारलं. पुण्यात वडगावला इतकी वर्षं काढूनही राग आला की त्यांच्या तोंडी हिंगोली येते.

"कामून म्हणजे? गाडीच्या बाहेरचं काही बघितलंच नाही आपण. जरा धाडस करू म्हातारपणी."

पूर्णिमाला फोन लावला तर ती म्हणाली, "आई, जा ना! सिरियसली, फुल अ‍ॅडव्हेंचर आहे." हीच पूर्णिमा एरवी आईला एकटीनं रिक्षात बसू देत नाही. इंदुबाईंनी फोन ठेवला आणि मनाशी ठरवलं की या दोघांचं काहीतरी शिजतंय.

त्यांना भीती कसली वाटत होती, ते सांगायला हवं. लग्न होऊन त्या हिंगोलीच्या घरात गेल्या, तेव्हा शेजारच्या खोलीत चुलत सासूबाई राहायच्या. सरुबाई त्यांचं नाव. त्यांचे यजमान, म्हणजे नागोरावांचे चुलते, परिक्रमेला गेले ते परत आलेच नाहीत. पत्र नाही, निरोप नाही. कुणी म्हणे तिकडं साधू झाले, कुणी म्हणे गेले. सरुबाई एकतीस वर्षं कुंकू लावत राहिल्या. चैत्रातल्या हळदीकुंकवाला बायका त्यांच्यापाशी आल्या की करंडा धरलेला हात एक क्षण थांबायचा. लावावं की नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तो थांबलेला हात इंदुबाईंनी नव्या नवरीच्या वयात पाहिला होता आणि तो त्यांच्या डोळ्यांपुढून कधी हलला नाही.

म्हणून त्या नवऱ्यावर नजर ठेवू लागल्या, आणि ठेवली तसं दिसायलाही लागलं.

आधी स्कूटर गेली. "आता पायीच जायचं तर कशाला पाहिजे?" असं म्हणून नागोरावांनी ती विकून टाकली. मग लाइटचं बिल इंदुबाईंच्या नावावर झालं आणि पाठोपाठ गॅसचं कार्ड. बँकेत नेऊन त्यांनी इंदुबाईंना सही करायला बसवलं. मोबाइलवरून बिल कसं भरायचं हे तीन-तीनदा समजावलं, आणि चुकलं तरी चिडले नाहीत. नागोराव चिडले नाहीत, हे इंदुबाईंना सगळ्यात वाईट लक्षण वाटलं. संसारातून उठणारा माणूसच असा गोड होतो.

त्यात संध्याकाळचं ते दार. रोज सातच्या ठोक्याला नागोराव आतल्या खोलीत जायचे आणि दार लावून घ्यायचे. इंदुबाईंनी दाराला कान लावला. आत शुकशुकाट. एकदा कडी नीट बसली नव्हती, तेव्हा फटीतून पाहिलं. नागोराव खुर्चीत ताठ बसलेले, मान जराशी मागं, डोळे मिटलेले. पाच मिनिटं हलले नाहीत. मग उठून पंच्यानं तोंड पुसलं आणि काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं बाहेर आले.

"आत काय करता?"

"काही नाही. जरा बसतो शांत."

ध्यान! चाळीस वर्षांत शांत न बसलेला माणूस ध्यान करतोय. इंदुबाईंनी त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा घातलं.

परिक्रमेला त्यांनी नाही म्हटलं नाही, हे मात्र लक्षात घ्या. सरुबाई घरी राहिल्या म्हणून गमावून बसल्या. इंदुबाई घरी राहणार नव्हत्या. जायचं तर शेवटच्या पावलापर्यंत सोबत जायचं आणि कान धरून परत आणायचं, असा त्यांचा बेत होता.

भाद्रपदात सराव सुरू झाला. घरामागून खडकवासल्याचा कालवा जातो. पहाटे उजाडलं की दोघं पाठीला पिशव्या अडकवून कालव्याच्या काठानं धरणाच्या दिशेनं निघायची. पहिल्याच दिवशी नागोरावांनी नियम सांगितला. परिक्रमेत नर्मदामाई कायम उजव्या हाताला ठेवायची असते, तेव्हा इथंही पाणी उजव्या हाताला पाहिजे. जाताना ठीक होतं. परतताना मात्र ते लांबच्या पुलापर्यंत जायचे, कालवा ओलांडायचे आणि पलीकडच्या काठानं यायचे, म्हणजे पाणी पुन्हा उजव्या हाताला. त्या पायपिटीनं इंदुबाईंचे गुडघे बोलायला लागायचे.

चौथ्या दिवशी त्यांनी बरोबर पकडलं. "अहो, माई ओलांडायची नसते म्हणता ना? मग कालवा रोज कसा ओलांडता?"

नागोराव गडबडले. मग म्हणाले, "समुद्रापाशी होडीनं पलीकडं जातातच की. हा पूल म्हणजे आपला समुद्र समज."

उत्तर बिनचूक होतं, पण देताना वेळ लागला होता. खानावळीतल्या पोरांना चौथी पोळी आठवायला असाच वेळ लागायचा.

आणि त्याहून एक गोष्ट त्यांना आत लागत होती. चालताना नागोराव त्यांच्याकडं बघायचे नाहीत. कालवा उजवीकडं, म्हणून इंदुबाई डावीकडून चालायच्या. त्या हातानं बगळा दाखवायच्या, कुणाच्या अंगणातलं जास्वंद दाखवायच्या. नागोराव सरळ समोर बघत राहायचे. एकदा इंदुबाईंनी पेढा पुढं केला आणि चांगली दहा पावलं तसाच धरून ठेवला. घेतला नाही. इंदुबाईंनी तो पेढा कावळ्यांना टाकला. माया तोडायची तर माणूस आधी नजर तोडतो, असं त्यांच्या मनानं घेतलं. त्या दिवशी त्या घरी येऊन मोरीत नळ सोडून रडल्या.

आश्विनात एका सकाळी त्यांनी सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं. धरणाच्या अलीकडं चहा झाला, पिशव्या खांद्याला लागल्या आणि नागोराव नेहमीप्रमाणे पुलाकडं वळले. इंदुबाई हलल्या नाहीत.

"माझे गुडघे दुखतात. मी आल्या वाटेनं जाते."

"अगं, पाणी डावीकडं येईल."

"येऊ द्या."

"नेम मोडतो, इंदू. थोडंच आहे. चल."

"तुम्ही सांभाळा तुमचा नेम. मी चालले."

आणि त्या निघाल्या. मागं बघायचं नाही, असं त्यांनी बजावून ठेवलं होतं. तो पुलाकडं गेला तर समजायचं की याचं काळीज तिकडं लागलंय, आणि आपण काहीही केलं तरी सरुबाई होणार. मागून आला तर अजून आपला आहे. पन्नास पावलं झाली तरी मागं काही ऐकू येत नव्हतं. मग मागून बुटांचा आवाज आला. हळू, घासत, जसा कुणी अंधारात चालतो तसा. पण येत होता. इंदुबाईंना इतकं बरं वाटलं की हसू आवरेना, पण ते दाखवायचं नव्हतं म्हणून त्यांनी पावलं आणखी उचलली.

एका ठिकाणी पावसानं काठ खचला होता. डाव्या हाताला पायवाटेतच हातभर खांड पडली होती. इंदुबाई ती सहज चुकवून पुढं गेल्या. लख्ख सूर्य वर आलेला, आंधळ्यालाही दिसावी अशी ती खांड. दुसऱ्या क्षणी मागून माती ढासळल्याचा आवाज आला आणि "इंदू!" अशी हाक.

नागोराव कमरेपर्यंत पाण्यात होते. एका हातानं त्यांनी बेशरमाची फांदी धरली होती. कालवा भरून वाहत होता. इंदुबाईंना नंतर काही नीट आठवलं नाही. एवढंच आठवलं की त्या पोटावर आडव्या झाल्या, नागोरावांच्या पाठीवरच्या पिशवीचा पट्टा दोन्ही हातांनी पकडला आणि गुडघे रोवून ओढलं. सत्तावीस वर्षं कणीक मळलेले हात होते ते. नागोराव वर आले.

दोघं चिखलात बसून धापा टाकत राहिले. पिशवीतलं सामान सांडलं होतं. त्यात एक छोटी प्लास्टिकची बाटली होती, डोळ्यांत थेंब घालायची असते तशी. इंदुबाईंनी ती उचलली.

"एवढा मोठा खड्डा दिसला नाही तुम्हाला?"

इंदुबाईंनी बाटली नागोरावांच्या डाव्या बाजूला धरली. त्यांची नजर वळली नाही. उजव्या बाजूला धरली, तेव्हा त्यांनी मान खाली घातली.

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली. काचबिंदू. डावा पूर्ण गेलाय. रोज सात वाजता उजव्यात थेंब घालतो आणि पाच मिनिटं मिटून बसतो. डॉक्टर म्हणतात, हाही किती दिवस पुरंल सांगता येत न्हाई."

"आणि नोकरी? ठेका बदलला म्हणाला होतात."

"ठेका न्हाई बदलला. एक दिवस डावीकडचा खांब घासून आरसाच तुटला. मागं चाळीस पोरं बसलेली. कुणाला काही झालं न्हाई, पण मी त्याच दिवशी चावी ठेवून दिली."

"पूर्णिमाला ठाऊक आहे?"

"डॉक्टरकडं तीच नेते."

याचा मात्र इंदुबाईंना संताप आला. लेकीला सांगितलं, डॉक्टरला सांगितलं, आणि जिच्याशेजारी चाळीस वर्षं ताटाला ताट लावून बसलो तिला नाही. "मला कामून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू घराबाहेर पडू दिलं नसतंस. सगळं बघायचं राहिलं होतं गं. रस्त्यावर एकटं चालायचं म्हटलं की भ्या वाटतं. मग चुलत्यांची परिक्रमा आठवली. पाणी कायम उजव्या हाताला. तेवढी एक वाट मला झेपंल असं वाटलं. दिसतंय तोवर मी बघीन, आणि पुढचं तू बघून सांगशील."

"मला वाटलं तुम्ही मला टाकून जाताय. सरुबाईंसारखं."

नागोरावांनी पूर्ण मान वळवून, उजवा डोळा समोर येईल अशी, त्यांच्याकडं पाहिलं. त्यांना खरोखरच काही कळलेलं दिसत नव्हतं. "टाकून? अगं, तुझ्यावाचून मी हा कालवा नाही ओलांडत."

इंदुबाईंना आठवलं, आज ते कालवा न ओलांडताच मागं आले होते. दिसत नाही हे माहीत असून, पाणी डाव्या हाताला घेऊन. आपण त्यांची परीक्षा घेत होतो आणि ते मुकाट्यानं देत होते. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली की त्या नेहमी खेकसतात.

"उठा. ओल्या कपड्यानं बसू नका."

घर अजून दोन किलोमीटर होतं. इंदुबाई कालव्याच्या बाजूला झाल्या, नागोरावांच्या डावीकडं, आणि त्यांचा दंड धरला. थोडं चालल्यावर जन्माची खोड पुन्हा वर आली. हा माणूस याही वेळी खोटं बोलत नसेल कशावरून? त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, आणि साठी उलटलेल्या त्या बाईनं नवऱ्याकडं बघून जीभ काढून दाखवली.

नागोराव समोर बघत चालत राहिले.

तेव्हा इंदुबाईंना रडू कोसळलं. तो बगळा, ते जास्वंद, दहा पावलं धरलेला तो पेढा, सगळं त्यांना एकदम आठवलं. त्यांनी पदर डोळ्यांना लावला नाही, की तोंड फिरवलं नाही. त्या बाजूनं बघणारं कुणी नव्हतं.

"दिसत नाही म्हणून ऐकू येत नाही असं नाही," नागोराव म्हणाले. "नाक पूस, आणि पुढं काय आहे ते सांग."

"दगड आहे," इंदुबाई म्हणाल्या. "जरा उजवीकडून घ्या."