मुरलीपुऱ्यातला लाल सिग्नल

इथे पहिल्यांदाच लिहितेय. माझं मराठी थोडं हिंदीकडे झुकतं, सांभाळून घ्या. शाळा सगळी जयपूरची, मराठी फक्त घरातलं... तेही आईचं अमरावतीकडचं.

आमच्या घरात नजर, बाधा, अंगारे असलं कुणी काही मानत नाही. बाबा रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते. ते म्हणायचे, "रुळावर मला आजवर जे जे दिसलं, ते जवळ गेल्यावर कुत्रं तरी निघालं, नाहीतर पॉलिथिन." मीही त्यांच्यासारखीच. बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. प्रत्येक गोष्टीला कारण असतं असं मानणारी. म्हणून तर हे लिहायला इतके महिने लागले.

एक गोष्ट आधी सांगते. इंजिनात दोघं असतात. सिग्नल दिसला की एकाने हात पुढे करून मोठ्याने बोलायचं, आणि दुसऱ्याने तेच परत बोलायचं. लहानपणी स्कूटरवर पुढे उभी राहून मी बाबांची असिस्टंट व्हायचे. चौक आला की बाबा ओरडायचे, "लाल!" मी ओरडायचे, "लाल!" दिवा हिरवा झाला की तसंच दोघांचं, "हरा!" शेजारचे रिक्षावाले हसायचे.

मागच्या वर्षी बाबांना लकवा झाला. नोकरी संपली, स्टेशनजवळचा क्वार्टर सोडावा लागला. मुरलीपुऱ्यात दोन खोल्या घेतल्या, खाली ग्रिल वेल्डिंगचं दुकान. चालणं हळूहळू जमलं, पण बोलणं पूर्ण गेलं. त्यांना समजायचं सगळं, शब्द एकही निघायचा नाही.

बनी पार्कमध्ये एक स्पीच थेरपीच्या मॅडम आहेत. त्यांनी सांगितलं होतं, "रोज वही शब्द सुनाओ बेटा. एक दिन भी मत छोड़ना." पण मी किंवा आई शब्द म्हणायला बसलो की बाबा तोंड फिरवायचे. लाज वाटत असावी. मग मी ब्राउझरमध्ये एक फुकटचं ॲड-ऑन टाकलं. शब्दावर क्लिक केलं की ते मराठीत मोठ्याने वाचायचं. मशीनसमोर बाबांना लाज नव्हती. सात महिने रोज दुपारी तेच — पाणी, भात, चहा, आई.

हे घडलं त्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी आई म्हणाली, "प्या पाणी," आणि बाबांचे ओठ हलले. आवाज नाही, नुसते ओठ. आईने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. तिने पेला हळूच खाली ठेवला, जणू आवाज झाला तर ते मोडून जाईल.

दुपारी सव्वाचारला मी लॅपटॉप उघडला. बाबा नेहमीसारखे खुर्चीत, भिंतीकडे तोंड करून. लॅपटॉप त्यांच्या मागे पलंगावर असतो, ते फक्त ऐकतात. मी 'पाणी'वर क्लिक केलं. काहीच नाही.

"काहून वं, बंद पडलं काय?" आई दारातून म्हणाली.

ॲड-ऑन अपडेट होऊन बंद झालं होतं. इंग्रजीत सूचना आली होती: याला आता नवीन परवानगी हवी. तुम्ही उघडता त्या सगळ्या वेबसाइटवरचा डेटा वाचायची आणि बदलायची.

खरं सांगते, मला हे काय आहे ते माहीत होतं. मागच्याच आठवड्यात सरांनी शिकवलं होतं — साध्या कामाचं ॲड-ऑन अचानक एवढं मागायला लागलं की थांबायचं. आणि त्याच लॅपटॉपवर माझं कॉलेजचं खातं, बाबांचे हॉस्पिटलचे कागद, सगळ्यांची आधार कार्डं. पण मला सकाळचे ते ओठ दिसत होते. एक दिवस पण सोडायचा नव्हता.

मी माउस परवानगी द्यायच्या निळ्या बटणावर नेला.

"लाल!"

बाबांचा आवाज. घोगरा, पण तोच, स्कूटरवरचा. डावा हात सरळ पुढे, रिकाम्या भिंतीकडे. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "लाल!" आणि माउसवरचा हात उचलला गेला.

आईच्या हातातलं ताट पडलं. "बोलले वं! तुहे बाबा बोलले!"

बाबा स्वतःच दचकून आपल्या हाताकडे बघत होते. मग रडायला लागले. आम्ही तिघंही.

त्या बटणाला मी पुन्हा हात लावला नाही. चौथ्या दिवशी कॉलेजात सरांनी त्याच ॲड-ऑनचं नाव फळ्यावर लिहिलं. बनवणाऱ्याने ते कुणाला तरी विकलं होतं आणि नवीन मालकाचं व्हर्जन लोक टाइप करतील ते सगळं, पासवर्डसकट, बाहेर पाठवत होतं. आमच्या वर्गात दोघांची खाती गेली होती.

"तुमने अलाउ नहीं किया?" मीही तेच वापरायचे हे कळल्यावर सरांनी मला विचारलं.

"नहीं सर. पापा ने मना किया."

"अच्छा, पापा आईटी में हैं?"

"नहीं सर... रेलवे में."

सगळा वर्ग हसला. मीपण हसले.

थेरपीच्या मॅडमना बाबांचं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, हे होतं. ज्यांची आयुष्यभर सवय असते ते शब्द कधीकधी सगळ्यात आधी परत येतात. बरोबर आहे, शब्दाचं कारण मला पटलं. पण तोच शब्द, त्याच क्षणी का? मी स्वतः त्या खुर्चीत बसून पाहिलं, आईला मागे लॅपटॉप धरायला लावला. स्क्रीन दिसत नाही. काचेत नाही, कशातच नाही. सूचनेला आवाज नव्हता. बाबांना विचारलं, भिंतीवर काय दिसलं? त्यांनी खांदे उडवले. पॉलिथिन नव्हतं, एवढं नक्की.

ॲड-ऑन काढून टाकलं. मी स्वतःच एक साधं वेबपेज बनवलं, शब्द आईच्या आवाजात. ती आधी म्हणाली, "मले नाही जमत बाप्पा मशीनमंदी बोलणं." मग तासभर थांबलीच नाही. त्या आवाजाला बाबा तोंड फिरवत नाहीत. आता चौदा शब्द येतात, त्यात पाणी आहे. आईला हाकही मारतात, थोडी अडखळत.

परवा मी फायनल प्रोजेक्ट जमा केला. ॲड-ऑन काय काय परवानग्या मागतं ते साध्या हिंदीत समजावून सांगणारं छोटं टूल आहे. सबमिटवर माउस नेला आणि थांबले. बाबा तसेच भिंतीकडे तोंड करून बसले होते. मी काही विचारलं नव्हतं.

त्यांनी हात पुढे केला. वेळ लागला, पण शब्द पूर्ण आला.

"हरा."

"हरा," मी म्हटलं, आणि क्लिक केलं.