बेटावरची वही आणि आमचे भाऊजी

आमच्या भाऊजींना एखादी गोष्ट समजली, की ती उरलेल्या जगाला कायमची समजेनाशी होते. मी काही मठ्ठ नाही. फिजिओथेरपिस्ट आहे, लोकांचे अडलेले गुडघे वळवते. पण नवऱ्याचे हे मामेभाऊ दर रविवारी इथे सिंगापुरातच क्लेमेंटीहून आमच्याकडे बुकित बातोकला जेवायला येतात, आणि ते परत जातात तेव्हा स्वतःच्या हाताला बोटं किती, हेसुद्धा मला पुन्हा मोजून बघावंसं वाटतं. त्यांचं काम काय, तर पॅसिफिक महासागरात एक देश आहे, नकाशावर माशी बसली तर अख्खा झाकला जाईल एवढा, तिथे इंटरनेट पोचवायचं. हे एवढं वाक्य पाठ व्हायला मला वर्ष लागलं. देशाचं नाव तर अजूनही जिभेवर बसत नाही, त्यामुळे घरात आम्ही नुसतं ‘बेट’ म्हणतो.

इंटरनेट तिथे जाणार कसं, हे मी एकदाच विचारलं. विचारलं आणि फसले! भाऊजींनी ताटं बाजूला सरकवली. लोणच्याची बरणी म्हणजे सिंगापूर, भाताचं पातेलं म्हणजे ऑस्ट्रेलिया, मधली आमटी म्हणजे पॅसिफिक आणि पार टेबलाच्या टोकाला लिंबाची फोड, ते बेट. बाकीच्या जगाला समुद्राखालून केबल आहे, पण तेवढी लांब केबल एका फोडीसाठी कोण टाकणार? म्हणून बेटाला वरून, उपग्रहावरून, मोठ्या छत्रीवर. छत्री म्हणजे पापड. “पण भाऊजी, केबल पाण्यात असते, तर इंटरनेट ओलं कसं होत नाही?” मी म्हटलं. त्यांचे डोळे चमकले. “वहिनी, हा फार मोठा विषय आहे,” असं म्हणून त्यांनी तो सुरू केला. पाच मिनिटांनी मला फक्त गार होणारी आमटी दिसत होती. आमच्या बारा वर्षांच्या इराने मध्येच हात घालून पापड खाल्ला. “इरा! बेटावरच्या शाळेची लाइन तोडलीस!” भाऊजी ओरडले. “काका, आय सो हंग्री लाह,” ती म्हणाली. त्या दिवसापासून ‘मोठा विषय’ हे शब्द कानावर आले, की मी गॅसवर काहीतरी आहे असं सांगून उठते.

घड्याळाचा तर आनंदच. भाऊजींच्या डाव्या मनगटावर सिंगापूर आणि उजव्या मनगटावर बेट. बेट आपल्या मागे आहे, तेही थोडंथोडकं नाही, जवळजवळ अख्खा दिवस. एका सोमवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी एकला दारात हजर, हातात श्रीखंडाचा डबा. “भाऊजी, अहो आज सोमवार!” त्यांनी दोन्ही मनगटं आळीपाळीने पाहिली आणि शांतपणे चपला काढल्या. “तिकडे अजून रविवार आहे, वहिनी. पान वाढा.” मी वाढलं. त्यांच्याशी वाद घालायला गेलं, तर आपला मंगळवारही हातचा जातो.

पण त्यांचा खरा जीव होता तो वहीत. छत्रीचं काम परवानग्यांमध्ये आणि वादळांमध्ये लांबत चाललं, तेव्हा बेटावरच्या शाळेच्या मुख्य बाईंनी विचारलं, की तोवर मुलांनी काय करायचं? भाऊजी म्हणाले, तोवर मी आहे! झालं. बेटावरून महिन्याला एक जहाज सुटायचं, त्यातून प्रश्नांनी भरलेली वही मोठ्या बंदराला आणि तिथून टपालाने भाऊजींच्या घरी. प्रत्येक प्रश्नाखाली नाव आणि वय. भाऊजी रात्र रात्र जागून उत्तरं लिहायचे, वही परत पाठवायचे, तोवर दुसरी निघालेली असायची. थोडक्यात काय, त्या देशाचं इंटरनेट म्हणजे आमचे भाऊजी होते आणि ते दोन महिन्यांनी लोड व्हायचं.

बरं, एवढा इंटरनेटचा माणूस, पण त्याच्यावर काडीचा विश्वास नाही. “तिथे काय, कोणीही काहीही लिहितं,” असं म्हणून ते प्रत्येक गोष्ट स्वतः पडताळणार. आठ वर्षांच्या एका मुलीने विचारलं होतं, बर्फ हातात धरल्यावर कसं वाटतं? भाऊजी मूळचे मिरजेचे, खरा बर्फ पडलेला त्यांनी कधी पाहिलेला नाही. ते मार्केटमध्ये मासेवालीकडे गेले आणि तिच्या बर्फाच्या पेटीत कोपरापर्यंत हात घालून घड्याळ लावून उभे राहिले. कुठल्या घड्याळावर वेळ लावली, देव जाणे! “अंकल, यू बाय ऑर नॉट?” बाई वैतागली. शेवटी एक मासा घ्यावा लागला. भाऊजी पक्के शाकाहारी, तो मासा आमच्या फ्रीजमध्ये आला. पुढे पुढे मुलांच्या वहीत मोठी माणसंही घुसली. एका कोळ्याने लिहिलं होतं, बायको बोलत नाही, काय करू? हा प्रश्न त्यांनी मला दिला. मी लिहिलं, माफी मागा. उत्तर पोचेपर्यंत त्यांचं केव्हाच जुळलं होतं. आता माफी कशाची, म्हणून बायकोला संशय आला आणि पुन्हा बिनसलं. पुढच्या वहीत त्या बाईंचाच प्रश्न होता, आणि तो मला उद्देशून होता.

या सगळ्या गोंधळात एकच गोष्ट मला स्वच्छ कळत होती आणि ती नेमकी भाऊजींना कळत नव्हती. वही उघडताना या एकट्या माणसाचा चेहरा असा खुलायचा, की बघत राहावं. आणि हाच माणूस दिवसभर ऑफिसात राबून बेटावर इंटरनेट आणत होता, म्हणजे स्वतःच्या हाताने ती वही बंद पाडत होता. मला फार भीती वाटायची त्या दिवसाची. सांगणार कसं?

तो दिवस आला. भाऊजी जेवायच्या टेबलावर फोन उभा करून बसले आणि बेटावरची शाळा आमच्या घरात दिसली. मुख्य बाईंनी हात हलवला, मागे पोरांची झुंबड. “थँक यू, अंकल!” असा एकच गलका झाला आणि पुढच्या क्षणी सगळी पोरं दुसऱ्या पडद्याकडे पळाली. भाऊजी आनंदाने उभेच राहिले. “वहिनी, माझ्याकडे कोणी बघतच नाहीये! सगळे व्हिडिओ बघतायत! चाललं!” मी त्यांना गोडाचा शिरा वाढला आणि डोळे पुसायला आत गेले. गॅसवर काहीही नव्हतं.

पुढच्या महिन्यात वही आली नाही. “जहाजाचं काय सांगावं, उशीर होतो,” भाऊजी म्हणाले. येता-जाता लेटरबॉक्स उघडून बघायचे. दुसऱ्या महिन्यात, आमच्याकडे जेवताना, त्यांनी न राहवून बाईंना मेसेज केला. त्यांचं छान, हसरं उत्तर आलं: आता वहीची गरजच नाही, मुलं सगळं फोनवर शोधतात, तुमचे उपकार! भाऊजींनी ते दोनदा वाचलं. “एका मिनिटात उत्तर आलं,” ते म्हणाले. “पूर्वी दोन महिने लागायचे.” मग ताटातल्या भातावर बोटाने रेघा ओढत बसले. कढी पुन्हा घेतली नाही.

सोमवारी मी खालच्या दुकानातून दोनशे पानी वही आणली. पहिल्या पानावर बेटावरच्या पोरांसारखं नाव आणि वय लिहिलं. वय चार वर्षांनी कमी लिहिलं, ते जाऊ दे. खाली प्रश्न लिहिला: केबल पाण्यात असते, तर इंटरनेट ओलं कसं होत नाही? पुढच्या रविवारी वही त्यांच्या पानाशेजारी ठेवली. भाऊजींनी ती उघडली, वाचली, मिटली, शर्टाला हात पुसून पिशवीत घातली आणि कढी मागितली.

आठवड्याने उत्तर आलं. साडेसात पानं, तीन आकृत्या, त्यातल्या एकीत आमटी. मी ओट्याशी उभी राहून दोनदा वाचलं. खरं सांगते, एक अक्षर कळलं नाही. बाहेर भाऊजी दोन्ही घड्याळं काढून इराला काहीतरी समजावत होते, पण त्यांचं सगळं लक्ष स्वयंपाकघराच्या दाराकडे होतं. मी पेन शोधलं आणि शेवटच्या ओळीखाली लिहिलं, “नाही कळलं. परत सांगा.”