आईचं मौन सुटलं तेव्हा

हे लिहावं की नाही, असं बरेच दिवस वाटत होतं. देवाचे अनुभव लिहिणाऱ्या ज्यांचं मी वाचते, त्यांच्याइतकी माझी श्रद्धा पक्की नाही. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना तर देवाबद्दल मनात प्रश्नच जास्त होते. कारंजा घाडग्याजवळच्या आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वर्ध्याला खोली करून राहायचे. त्या हिवाळ्यात माझं काळीज मधूनच धडधडायला लागायचं, कधी जिना चढताना, कधी वर्गात नुसती बसलेली असताना. डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, थोडा वेगळा आवाज येतोय, इको करून घेऊ. म्हणजे हृदयाची सोनोग्राफी.

घरी कळलं तेव्हा आई हादरली. तिची धाकटी बहीण हृदयाची झडप खराब होऊन ऐन तारुण्यात गेली होती. बाबा एवढंच म्हणाले, "दिलात काही निघालं तं शिकणं राहू दे माय. आमाले तू पाह्यजे." ते मायेनंच बोलले.

आई मारुतीला नवस बोलली, तपासणीचा निकाल कळेपर्यंत एक शब्द बोलणार नाही. आमच्याकडे बाया असं मौन धरतात. पण म्हशीशीसुद्धा दिवसभर गप्पा मारणाऱ्या माझ्या आईनं ते धरावं! तपासणीला आम्ही दोघी घरून निघालो, एसटीत कंडक्टरनं कुठं जायचं विचारलं, तर तिनं पदर तोंडाशी धरून माझ्याकडे बोट दाखवलं.

इकोच्या खोलीबाहेर तिथल्या माणसानं आईला माझं नाव विचारलं. आई हातवारे करू लागली, तसा त्यानं आवाज चढवला. "बाई, आयकू येत नाई का?"

शेजारी एक म्हातारी आपल्या नवऱ्याला घेऊन बसली होती. ती म्हणाली, "कायले वरडतं रे भाऊ? मौन हाय तिचं. पोरीसाठी धरलं असन." मग आईकडे वळून, "आमचे हे म्हणतात, तूबी धर एखादं, मले आराम भेटन." आजोबा गालात हसले. आईनं पदरात तोंड लपवलं, पण हसण्यानं तिचे खांदे हलत होते.

मला आत नेलं. अंधारी खोली, छातीवर गार जेली, डाव्या कुशीवर झोपायला सांगितलं. मी थरथर कापत होते आणि धडधड वाढली होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, "एवढी हललीस तर नीट दिसणार नाही गं. सोबत कोण आहे? बोलवा त्यांना."

आई दारात आली. "ताई, हिच्याशी जरा बोला," डॉक्टरबाई म्हणाल्या. मी मान हलवून नको म्हटलं. निकालाआधी नवस मोडायला नको होता. आईनं माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा मी विसरू शकत नाही. मग ती आत आली आणि तिनं माझ्या केसांवर हात ठेवला.

"भिऊ नको माय, मी हाय न इथं. अवं, काल म्हशीनं दुधाची बादलीच लाथाडली, तुले सांगाचंच राह्यलं. तुये बाबा मलेच म्हणते, काऊन गप्प बसली, म्हशीले रागाव न!"

आणि मग ती थांबेचना. शेजारणीची सून, बोरांचं लोणचं, मांजरीची पिल्लं, साचलेलं सगळं बाहेर आलं. मी हसायला लागले. "हसू नकोस, नुसतं ऐक," म्हणता म्हणता डॉक्टरबाईच हसल्या. हळूहळू धडधड शांत झाली. पडद्यावर माझ्या हृदयाच्या झडपा भजनातल्या टाळीसारख्या मिटत होत्या, उघडत होत्या.

झडपा चांगल्या होत्या. अंगात रक्त कमी होतं, त्यानं धडधड आणि तो आवाज. गोळ्या दिल्या, आणि आईसाठी मी शनिवारभर नुसत्या चहावर करायचे ते उपास बंद करायला सांगितले.

बाहेर येऊन आई रडली. "पोरगी बरी हाय," ती म्हातारीला म्हणाली, "पण मी आधीच बोलली. नवस मोडला न."

"देवानंच बोलतं केलं असन तुले," म्हातारी म्हणाली. तेवढ्यात आजोबांना आत नेलं आणि ती बंद दाराकडे पाहत पदराचं टोक पिळू लागली.

आमची एसटी सुटायची वेळ झाली होती. मी आईकडे पाहिलं. "जाऊ दे," म्हणत ती बाकावर टेकली आणि तिनं म्हातारीचा हात आपल्या हातात घेतला.

त्या मारुतीनं काय केलं, हे मला ठामपणे सांगता येत नाही. आईनं देवापुढं ठेवलेली सगळ्यात मोठी गोष्ट, पुढं काय होईल ते ठाऊक नसताना, माझ्या भीतीपायी सोडून दिली. शरण जाणं म्हणतात ते असंच असावं, एवढंच मला वाटतं. त्या बाकावर मीही हात जोडले. आत तपासणीला गेलेल्या आजोबांसाठी.