ओहोटीतले खडक

सासूबाईंना घेऊन बेटावर दगड शोधायला जाते, असं मी नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्याने लॅपटॉपवरून मान वर केली. "आईला? दगड?" त्याच्या ऑफिसात त्या आठवड्यात नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज होतं, तो येणं शक्यच नव्हतं. आणि सासूबाई पुण्याहून आल्यापासून टोकियोतल्या फुनाबोरीच्या आमच्या छोट्या फ्लॅटमध्ये खिडकीशी बसून कंटाळल्या होत्या. कुठल्या वारी प्लास्टिकचा कचरा जातो आणि कुठल्या वारी बाटल्या, हे त्यांना आता माझ्यापेक्षा चांगलं पाठ झालं होतं. त्या आतून म्हणाल्या, "मी येते गं. दगड तर दगड."

बोल्डरिंगचं, म्हणजे दगड चढण्याचं, वेड मला टोकियोतच लागलं. ऑफिसजवळ रेल्वेच्या पुलाखाली एक हॉल आहे, तिथे भिंतीवर चढायला रंगीत पकडी ठोकलेल्या असतात. पण खऱ्या खडकाची ओढ वेगळी असते. एका सहकाऱ्याने सांगितलं होतं, सेतो समुद्रातल्या एका बेटावर ग्रॅनाइट आहे, कुणी फारसं जात नाही, नकाशा वगैरे नाही, आपलं आपण शोधायचं. सासूबाईंना मी ट्रेनमध्ये समजावून सांगितलं. दोर नाही, उंच कडा नाही. माणसाच्या उंचीहून थोडा मोठा दगड, खाली घडीची जाड गादी, हाताला पांढरी पूड, आणि चढायचं. पडलं तर गादीवर.

"आणि वर गेल्यावर काय असतं?"

"काही नसतं, आई. उतरायचं."

"मग बरं आहे," त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

बोटीत आमच्याखेरीज शाळेची दोन-चार मुलं आणि खोकी घेऊन बसलेले एक आजोबा होते. समुद्र दुधासारखा होता, लाट म्हणून नाही. धुक्यात एकेक बेट यायचं, आपली झाडं दाखवायचं आणि विरून जायचं. कुठलं आपलं, ते बोट थांबेपर्यंत कळलं नाही. सासूबाईंनी माझ्या नवऱ्याचं जाकीट पंजाबी ड्रेसवर चढवलं होतं, बाह्या बोटांच्या पुढे लोंबत होत्या. माझ्या पाठीवर गादी. धक्क्यावर उतरलो तेव्हा मांजरंसुद्धा आमच्याकडे टक लावून बघत होती.

ज्या घरात मुक्काम होता त्या घराची मालकीण सासूबाईंच्याच वयाची. मी खोलीत सामान ठेवून येते तो काय, दोघी ओसरीवर बसलेल्या. समोर संत्र्यांची परडी. सासूबाई मराठीत सांगतायत, गुडघे थंडीत दुखतात. त्या जपानीत काहीतरी बागेबद्दल सांगतायत. मध्येच दोघी एकदम हसल्या. मी दुभाषी होऊन मध्ये पडणार होते, पण गरज दिसेना. मग मी नुसतं विचारलं, चढण्याजोगे मोठे दगड कुठे आहेत? मालकीणबाईंनी आधी माझ्या गादीकडे पाहिलं, मग हात चारी दिशांना हलवला. दगड काय, सगळीकडेच आहेत.

पहिला दगड देवळामागे सापडला. बांबूच्या बनात एकटा, गोल, शेवाळलेला, आणि त्याची एक कड अशी सुरेख की माझे हात शिवशिवले. पण त्याला गवताचा जाड दोर गुंडाळलेला होता, त्यावर कागदाच्या पांढऱ्या घड्या लटकत होत्या. सासूबाईंनी चपला काढाव्या तसे बूट काढले आणि हात जोडले.

"याच्यावर पाय ठेवायचा नाही हं."

"नाही ठेवणार."

"आपल्याकडे शेंदूर लावतात. इथे दोर बांधतात. एवढंच."

त्या तिथे बराच वेळ उभ्या राहिल्या. बांबू वरच्या वर एकमेकांवर आपटत होते, खाली मात्र वारा नव्हता.

दुपारी आम्ही डोंगराच्या पोटातल्या जुन्या दगडखाणीपाशी गेलो. खाण कधीच बंद पडलेली. डोंगर सुरीने वडी कापावी तसा सरळ कापलेला, आणि तळाशी साचलेलं हिरवंगार पाणी. त्या पाण्यात उलटी भिंत, उलटं आकाश. वाटेवर साखळी होती आणि आत जाऊ नये अशी पाटी. तशीही ती भिंत गुळगुळीत होती, बोट अडकवायला जागा नाही. साखळीच्या अलीकडे बसून आम्ही कोनबिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, आणलेले ओनिगिरी, भाताचे गोळे, खाल्ले. आतल्या आंबट फळाने सासूबाईंनी डोळे मिटले आणि "मोरावळ्याचा रागीट भाऊ" असं म्हणाल्या. नंतर गादी उलगडून त्यावर आडव्या झाल्या आणि चक्क झोपल्या. मी शेजारी बसून पाण्यातले ढग बघत राहिले. खडक न मिळाल्याचं दुःख करायला हवं होतं, पण होईना.

संध्याकाळी मालकीणबाईंना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, उत्तरेला जा, ओहोटी असेल तेव्हा. लहानपणी आम्ही तिथे शिंपले काढायला जायचो. सकाळी पाणी उतरेल. पण परत फिरायला उशीर करू नका, वाट पाण्याखाली जाते.

सकाळी धुकं इतकं दाट होतं की समुद्र ऐकू यायचा, दिसायचा नाही. एका टेकाडाला वळसा घालून आम्ही उतरलो आणि थांबलोच. ओल्या वाळूवर पांढरे, फिकट गुलाबी खडक बसले होते. कुणी एकटा, कुणी जोडीने, मोठी जनावरं पाणी प्यायला येऊन तिथेच पेंगावीत तसे. वरचा भाग कोरडा, खडबडीत, हाताला साखरेसारखा लागणारा.

मी चढले, पडले, पुन्हा चढले. एका दगडाच्या कडेला बोटं जेमतेम मावतील एवढी भेग होती. ती धरून टाच वर अडकवली आणि अंग ओढून घेतलं, तेव्हा खालून सासूबाई टाळ्या वाजवत होत्या. धुक्यात बोटीचा भोंगा वाजला. बोट कुठेच नव्हती.

मी खाली आले तर त्या एका बुटक्या, उतरत्या खडकापाशी उभ्या. माझ्या खांद्याएवढा असेल.

"हा मला जमेल का गं?"

मी हसले. मग कळलं, त्या हसत नव्हत्या.

"आई, तुमचा गुडघा…"

"गुडघा घरी बसूनपण दुखतोच. आणि इथे कोण बघतंय? तिथे पुण्याला गच्चीच्या शिडीवर पाय ठेवला तरी चार जणं धावत येतात."

मी गादी सरकवली. ओढणी त्यांनी कमरेला घट्ट बांधली. मी म्हटलं, हात इथे, आता उजवा पाय त्या खळग्यात, भार पायावर टाका. मध्यावर त्या थांबल्या, गाल दगडाला टेकवला आणि म्हणाल्या, "गार आहे. छान वाटतं." मला वाटलं, आता उतरतील. पण त्यांनी दुसरा पाय उचलला, माझ्या हाताला टाच लागली, ती मी खालून रेटली, आणि त्या वर गेल्या. आधी रांगत, मग बसत.

पाय खाली सोडून, मोठ्या बाह्यांत हात गुंडाळून त्या समोर बघत बसल्या. समोर नुसतं पांढरं होतं. मी विचारलं, "काय दिसतंय?" त्यांनी एक लांब बाही त्या पांढऱ्यावरून फिरवली. किती वेळ गेला, सांगता येणार नाही. धुकं एका जागी पातळ झालं, तिथून पिवळा उजेड आला, आणि त्यांचा चेहरा मला एखाद्या न बघितलेल्या बाईचा वाटला, त्यांच्या लग्नाच्याही आधीच्या.

मग माझ्या पायाला पाणी लागलं.

"आई, चला, भरती येतेय!"

"थांब गं जरा."

"आई!"

त्या बसल्या बसल्याच घसरत खाली आल्या, थेट गादीवर, आणि गादी तोवर ओली. बूट गळ्यात अडकवून, गादी डोक्यावर घेऊन, एकमेकींचा हात धरून आम्ही टेकाडाला वळसा घातला. पाणी गुडघ्यापर्यंत आलं होतं आणि इतकं थंड की शब्द फुटेनात. सासूबाई मात्र सगळी वाट हसत होत्या. त्यांना असं हसताना मी कधी ऐकलं नव्हतं, त्यामुळे मलाही आवरेना.

मालकीणबाईंनी आम्हाला दारातच बघितलं, कपाळाला हात लावला आणि न्हाणीतलं पाणी तापवायला पळाल्या.

परतीच्या ट्रेनमध्ये सासूबाई म्हणाल्या, "घरी त्याला सांगू नकोस. उगाच काळजी करेल." घरी नवऱ्याने विचारलं, काय काय पाहिलं? त्या म्हणाल्या, "संत्री चांगली होती." रात्री त्यांच्या गुडघ्याला मी तेल चोळून दिलं. तळहातांवर बारीक ओरखडे होते, ते त्या दिव्याखाली धरून पुन्हा पुन्हा बघत होत्या.